तांदळातलं नाव

निहारने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
"मावशी, तुझं नाव कुणीतरी घेतलंय."

नाव घेतलंय.
चाळीस वर्षं दांडिया बाजारातल्या
प्रत्येक डोहाळजेवणाला, प्रत्येक हळदीकुंकवाला
नाव घ्या, नाव घ्या,
आणि मी घेत आले, यमक जुळवून, अनंतरावांचं.
माझं कुणी घ्यावं
असा प्रसंग आला नव्हता.

पडद्यावर कालिंदी टिपणीस, इंग्रजी लिपीत,
दोन्ही शब्द एकमेकांना चिकटलेले,
शेवटी एक टिंब आणि तीन अक्षरं.
खाली गुडघेदुखीचं तेल, झटपट कर्ज,
आणि ठळक निळ्यात:
हे नाव विकणे आहे. दोन हजार चारशे डॉलर.
शेजारी, जरा स्वस्तात, "सुरसागरच्या अठरा पायऱ्या".
ती माझी लिनोकटची मालिका, फाइन आर्ट्सचं शेवटचं वर्ष,
एकूण नऊ प्रती, त्यातल्या दोन वाळवीने खाल्ल्या.
गेल्या वर्षी कुठल्याशा लिलावात एक गेली म्हणे.
तिथूनच माग काढत आला असेल
हा माणूस, किंवा जे काही असेल ते.

खरं सांगते, आधी राग नाही आला.
आधी मी त्या आकड्याला पंच्याऐंशीने गुणलं.
आजवर कुणी केली नव्हती
एवढी किंमत.

मग ते ताट आठवलं.
ब्याऐंशीचा वैशाख, मांडवीजवळचं कार्यालय,
पसरलेल्या तांदळात यांनी अंगठीने लिहिलं: मानसी.
अक्षराचं केवढं कौतुक झालं!
नंतर आत्याबाईंनी ताट हलवलं
आणि तांदूळ परत डब्यात ओतले.
दुसऱ्या दिवशी त्याचा भात झाला असेल.
मी जेवले असेन.

कालिंदी कुणी पुसली नाही.
ती स्टेशनबाहेर कुलूप न लावता सोडलेल्या
सायकलीसारखी उभी राहिली इतकी वर्षं.
आता कुणी उचलली
तर मी कुठल्या तोंडाने ओरडू?

रावपुऱ्यातले वकील भला माणूस, फी घेतली नाही.
"बेन, नाम तमारुं ज छे, एनो पुरावो?"
आधार: मानसी. पासपोर्ट: मानसी. गॅसचं पुस्तक: अनंतराव.
कालिंदीचं म्हणून निघालं
एक मार्कशीट, लायब्ररीचं पिवळं कार्ड,
आणि चित्रांखाली पेन्सिलीने केलेल्या सह्या,
त्यातल्या दोन वाळवीच्या पोटात.

निहारने सहज मानसी कर्णिक टाकून पाहिलं.
मोकळं आहे. पहिलं वर्ष एकशे नव्व्याण्णव रुपये.
"घेऊन टाकू?"
नको म्हटलं. ते कोण नेतंय.

रात्री मी त्या माणसाला पत्र लिहिलं.
मराठीत, लांबलचक.
की लिनोवर नाव उलटं कोरावं लागतं,
तेव्हा कुठे कागदावर सुलटं येतं.
की हात घसरला तर वेलांटी तुटते,
आणि एकदा तुटलेली वेलांटी जोडता येत नाही.
की माझ्या डाव्या अंगठ्यावर वण आहे अजून,
"द"च्या वेळचा.
पाठवायला गेले तर चौकट म्हणाली:
कृपया फक्त आकडे लिहा.

"त्याची मुदत येत्या नोव्हेंबरात संपते," निहार म्हणाला.
"पैसे भरायला विसरला, तर नाव सुटेल.
आपण नुसती वाट बघायची."

म्हणजे मी टिकायचं
त्याच्या विसरभोळेपणापर्यंत.

फ्रिजवरच्या कॅलेंडरवर, दुधाचे खाडे
आणि सिलिंडरची तारीख यांच्या आसपास,
जागा होती तिथे पेन्सिलीने लिहून ठेवलं:
नऊ नोव्हेंबर. कालिंदी संपते.

संध्याकाळी हे चष्मा लावून
फ्रिजपाशी उभे राहिले. बराच वेळ.
"कोण गं ही," म्हणाले,
"फार आजारी आहे का?"